दाखल करायचं, पण कुठे?

घरातला तरुण मुलगा तीन रात्री झोपलेला नाही. शेजारचे लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं तो सांगतो, जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून ताट बाजूला सारतो. चौथ्या दिवशी घरात माणसं जमतात आणि सल्ले सुरू होतात. मामा म्हणतो, गाणगापूरला नेऊन आणा. शेजारचे काका म्हणतात, वेळ घालवू नका, सरळ येरवड्याला न्या. आणि एखादा चुलतभाऊ मोबाइल पुढे करतो: एक सेंटर आहे, फोन केला की त्यांचीच माणसं गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत थोड्याफार फरकाने हेच घडतं. या तिन्ही सल्ल्यांत जे नाव सहसा निघत नाही, तेच बहुतेक वेळा सर्वांत जवळचं आणि पहिल्यांदा गाठण्याजोगं असतं: जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल, किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मनोविकार विभाग.

ते नाव न निघण्याला कारण आहे. मनाचा आजार म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उंच कुंपणाची, शहराबाहेरची एक इमारत येते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं इंग्रजांच्या अमदानीतली. थट्टेत, भांडणात, चित्रपटांत त्यांची गावं अशी काही वापरली गेली की तिथे उपचार होतात हे विसरून लोक त्यांना शिक्षेची जागा समजू लागले. या चार ठिकाणच्या मंजूर खाटा अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० आणि ३६५ अशा मोजल्या जात आल्या आहेत. एकूण ५६९५. २०११ च्या जनगणनेतली राज्याची सव्वाअकरा कोटी लोकसंख्या धरली, तर साधारण वीस हजार माणसांमागे एक खाट.

आकडा तुटपुंजा वाटतो आणि तो आहेही. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष अनेकदा चुकतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार असल्याचं आढळलं. यातल्या बहुसंख्यांना खाटेची गरज नसते. नैराश्य, चिंतेचे विकार, मंत्रचळ, सुरुवातीच्या टप्प्यातला स्किझोफ्रेनियासुद्धा ओपीडीतल्या औषधांवर आणि समुपदेशनावर आटोक्यात येऊ शकतो. घरच्यांना माणूस झेपेनासा झाला म्हणजे त्याला दाखल करायलाच हवं असं नाही. उलटही खरं आहे. कोपऱ्यात गप्प बसून राहणारा, कुणाला काही त्रास न देणारा माणूस आतून जीव देण्याच्या बेतात असतो, आणि शांत आहे म्हणून त्याला कुणी कुठे नेतच नाही.

मग दाखल कधी करायचं? जिवाला धोका असेल तेव्हा, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या. खाणंपिणं थांबलं असेल, माणूस तासन्‌तास पुतळ्यासारखा एकाच स्थितीत राहत असेल, तेव्हा. उन्मादाच्या भरात दिवसच्या दिवस झोप नाही, हातातले पैसे उधळले जाताहेत, अशा अवस्थेत. औषधं बदलताना रोजची देखरेख लागणार असेल तेव्हाही. क्लोझापिनसारखं औषध सुरू केलं की पांढऱ्या पेशींची तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते, आणि घरी देखरेख ठेवणारं कुणी नसेल तर ही सुरुवात वॉर्डात होणं बरं.

दोन प्रसंग मात्र असे आहेत की त्यांत चुकीच्या दारात गेलं तर जीव जाऊ शकतो. पहिला म्हाताऱ्या माणसांचा. सत्तरीतल्या आजी काल सायंकाळपर्यंत ठीक होत्या आणि आज माणसं ओळखत नाहीत, भिंतीवर कुणीतरी दिसतं म्हणतात. हे वेड लागणं नव्हे. रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं, साखर घसरलेली असते, लघवीचा किंवा मेंदूचा संसर्ग असतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेल्या गोंधळलेपणाला आधी फिजिशियन आणि रक्ताच्या तपासण्या लागतात. तरुणांतही ताप आणि बरळणं एकत्र आलं तर हाच नियम.

दुसरा प्रसंग दारूचा. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या काही दिवसांतच हातपाय थरथरू लागतात, भास होतात, फिट येऊ शकते. या अवस्थेत डॉक्टर नसलेल्या ‘व्यसनमुक्ती केंद्रा’त माणूस कोंडून ठेवणं हा सरळ जिवाशी खेळ आहे. त्याला पहिले काही दिवस सलाइन, जीवनसत्त्व आणि औषधं देणारं रुग्णालयच हवं. व्यसनमुक्तीचा कार्यक्रम त्यानंतरचा.

सर्वसाधारण रुग्णालयात मनाच्या आजारासाठी खाटा ठेवायच्या ही कल्पना नवी नाही. कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयात गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये असा विभाग सुरू केला आणि पाच वर्षांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी. आज जे. जे., केईएम, नायर, सायन, पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल अशा ठिकाणी हृदयाच्या आणि हाडांच्या वॉर्डांच्याच आवारात मनोविकाराचाही वॉर्ड असतो. केस पेपर त्याच खिडकीवर निघतो. रक्त, सीटी स्कॅन, थायरॉइड सगळं तिथेच होतं. मुक्काम साधारण काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा. बहुतेक ठिकाणी सोबत एक नातेवाईक राहावाच लागतो. घरच्यांना ही अट जाचक वाटते, मजुरी बुडते, घरी लहान मुलं असतात. तरी ही अट रुग्णाच्या फायद्याची आहे, हे पन्नासच्या दशकातल्या अमृतसरच्या एका प्रयोगाने दाखवून दिलं. तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावलं. नातेवाईक रोज सोबत असल्याने रुग्ण लवकर सावरले आणि महत्त्वाचं म्हणजे घरी परत गेले. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि निम्हान्सनेही कुटुंबाला सोबत ठेवण्याची पद्धत रुजवली.

सिंधुदुर्गातल्या लोकांची वाट थोडी वेगळी. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला रत्नागिरीपेक्षा गोव्याचं बांबोळी जवळ पडतं आणि एरवीच्या दुखण्यांसाठीही तो तिकडेच जातो. गोव्याची मानसोपचार संस्था त्याच बांबोळीत, गोवा मेडिकल कॉलेजच्या परिसरात आहे.

आता कायद्याकडे वळायला हवं, कारण दाखल करण्याच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज इथे आहेत. ‘कोर्टाची ऑर्डर लागते’, ‘पोलिसांत कळवावं लागतं’, ‘एकदा आत गेला की सुटका नाही’ ही वाक्यं ऐकू येतात ती १९१२ आणि १९८७ च्या जुन्या कायद्यांच्या आठवणीतून. आज लागू आहे तो मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. त्याच्या मसुद्यात पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा आहे.

या कायद्यानुसार दाखल होण्याची नेहमीची रीत म्हणजे रुग्णाने स्वतः येऊन, समजून-उमजून संमती देणं. असा रुग्ण मागेल तेव्हा घरी जाऊ शकतो. डॉक्टरांना धोका वाटला तर त्याची तपासणी करण्यापुरतं त्याला २४ तास थांबवता येतं, त्याहून जास्त नाही.

रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या वतीने नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे बहुधा जवळचा नातेवाईक, अर्ज करतो. त्यावर एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे रुग्णाला तपासावं लागतं, तेही त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा धमकी, दुसऱ्याला धोका, किंवा स्वतःची काळजी घेताच न येणं यांपैकी काही असलं पाहिजे. मुदत ३० दिवस. त्यानंतरही गरज असेल तर पुन्हा तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी, आणि मग मुदत ९०, पुढे १२०, नंतर १८० दिवस अशी वाढते. दाखल केल्याची माहिती मंडळाला सात दिवसांत द्यायची. रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. रुग्णाला स्वतःला या दाखल करण्याविरुद्ध मंडळाकडे दाद मागता येते आणि त्यासाठी मोफत कायदेशीर मदत मिळते.

रात्री दोन वाजता हे सगळं कुठून जमणार? त्यासाठी वेगळी तरतूद आहे आणि ती प्रत्येक घराला माहीत असायला हवी. तातडीच्या वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, कुठल्याही आरोग्यकेंद्रात, ७२ तासांपर्यंतचे उपचार देऊ शकतो. ‘आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाही, पुण्याला न्या’ असं म्हणून तालुक्याच्या रुग्णालयाने हात झटकण्याचं कारण उरत नाही. निदान माणसाला शांत करणारं इंजेक्शन देणं आणि सुरक्षितपणे पुढे पोहोचवणं तरी त्यांनी करायला हवं. व्यवहारात ते नेहमी होतं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण कायद्यातली तरतूद सांगून आग्रह धरणाऱ्या नातेवाइकाला टाळणं अवघड जातं.

याच कायद्याने काही गोष्टी सरसकट बंद केल्या. साखळदंड वा दोरखंडाने बांधून ठेवायचं नाही. एकांतकोठडीत टाकायचं नाही. डोकं जबरदस्तीने भादरायचं नाही, स्वतःचे कपडे घालू द्यायचे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायचा नाही. शॉकबद्दल जुन्या चित्रपटांनी बसवलेली भीती अजून जात नाही, म्हणून सांगायला हवं: आज तो शस्त्रक्रियेसारख्या तयारीने, भुलीत दिला जातो. न खाणाऱ्या, जीव देण्याच्या टोकाला पोहोचलेल्या रुग्णांत तो औषधांपेक्षा लवकर गुण देतो. त्यानंतर काही काळ स्मरणात घोळ होऊ शकतो, तेही डॉक्टरांनी आधी सांगायला हवं.

साखळ्यांचा उल्लेख कायद्यात करावा लागला, त्यामागे एक दुर्घटना आहे. तामिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी ‘मेंटल होम’ला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. आतले रुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते. २८ जण गेले. लोकांनी त्यांना तिथे ठेवलं होतं कारण ती जागा ओळखीची होती, श्रद्धेची होती आणि जवळपास दुसरं काही नव्हतं. गाणगापूरला नेणाऱ्या मामाला हसण्याआधी हे लक्षात घेतलेलं बरं. देवाला नमस्कार करून यायला कुणाची हरकत नाही. औषध थांबवून तिथे महिनोन्‌महिने ठेवणं हा वेगळा विषय आहे.

पोलीस आणि न्यायालय यांचा संबंध आज मुख्यतः रस्त्यावर भटकणाऱ्या, किंवा घरातच छळ होत असलेल्या रुग्णापुरता येतो. भटकताना दिसलेल्या माणसाला पोलिसांनी २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं. कोठडीत ठेवायचं नसतं. पूर्वी अशा लोकांना, गुन्हा काही केलेला नसताना, थेट तुरुंगात ठेवलं जाई. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी लढवलेल्या प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. अशाच माणसांसाठी डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र कर्जतला काम करतं. या कामाला सुरुवात झाली ती नारळाच्या करवंटीतून गटाराचं पाणी पिणाऱ्या एका तरुणापासून. उपचारानंतर कळलं की तो आंध्रातला पदवीधर आहे, पॅथॉलॉजीचं शिक्षण घेतलेला. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. श्रद्धाच्या कामाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे: रुग्णाला कायमचं ठेवायचं नाही, औषधाने सावरला की गाव शोधून घरी पोहोचवायचं.

यापुढचा प्रकार म्हणजे ‘निवासी केंद्रं’. इथे एकाच पाटीखाली फार वेगवेगळ्या गोष्टी चालतात. तीव्र झटका ओसरल्यानंतर स्वयंपाक, प्रवास, पैशांचा हिशेब, नोकरी हे सगळं पुन्हा शिकवणारं पुनर्वसन केंद्र वेगळं. दारू-ड्रग्जचं केंद्र वेगळं. आणि आईवडिलांनंतर मुलाचं काय, या प्रश्नाचं उत्तर म्हणून चालणारी दीर्घ मुक्कामाची वसतिगृहं त्याहून वेगळी. तीव्र अवस्थेतल्या रुग्णाला पुनर्वसन केंद्रात टाकणं आणि सावरलेल्या रुग्णाला बंद वॉर्डात ठेवून देणं, दोन्ही सारखीच महागात पडणारी गफलत.

व्यसनांच्या बाबतीत पुण्याचं मुक्तांगण मराठी वाचकांना परिचित आहे. येरवडा मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या पाठबळावर, मनोरुग्णालयाच्याच आवारात ते सुरू केलं. तिथे रुग्णाला बांधून आणत नाहीत, ठरावीक काळाचा निवासी कार्यक्रम असतो आणि कुटुंबालाही त्यात ओढलं जातं. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत असंच पायाभूत काम केलं डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. मूळचे धुळे जिल्ह्यातले वाणी कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणातून त्यांना कुटुंबाची होणारी फरपट कळली आणि त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. ‘देवराई’ हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा चित्रपट त्यांच्याच पुढाकाराने झाला. या संस्थेचे स्वमदत गट नातेवाइकांना जे देतात ते डॉक्टरच्या दहा मिनिटांत मिळत नाही: कुठल्या वॉर्डात कसं वागवतात, कुठलं केंद्र टाळावं, औषध नाकारणाऱ्याशी कसं बोलावं.

आता त्या चुलतभावाच्या मोबाइलमधल्या सेंटरबद्दल. उत्तम चालवलेली खासगी केंद्रं राज्यात आहेत, आणि ज्यांच्या दारातून आत डोकावूही नये अशीही आहेत. पाहणी करायला गेल्यावर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र मागावं. मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला ते बंधनकारक आहे, व्यसनमुक्तीच्या नावाने चालणाऱ्यांनाही, कारण दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था कायद्याच्या व्याख्येत येतात. मनोविकारतज्ज्ञ रोज येतो की महिन्यातून एकदा? रात्री नर्स असते की फक्त वॉचमन? फिट आली, छातीत दुखलं तर कुठल्या रुग्णालयात नेणार? झोपण्याच्या खोल्या आणि संडास पाहू देतात का? ‘पहिला महिना भेट नाही, फोन नाही’ असा नियम असेल तर तो कुणाच्या सोयीचा आहे, हे विचारावं. आणि न तपासता घरातून उचलून नेण्याची तयारी दाखवणाऱ्याला तिथेच नकार द्यावा. तपासणीशिवाय इच्छेविरुद्ध ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि आपल्याच माणसांनी धरून दिलं ही आठवण रुग्णाच्या मनातून पुढे वर्षानुवर्षं जात नाही. एरवी पटकन औषध घेणारा माणूसही मग डॉक्टरच्या सावलीला उभा राहत नाही.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट अजून पुरेशी पोहोचलेली नाही. शारीरिक आजारांना जसं, तसंच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण द्यायला हवं असं २०१७ चा कायदा सांगतो, आणि विमा नियामक मंडळाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसा आदेश दिला. तरीही दावे नाकारले जात. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे ‘मनाचं आहे, विम्यात बसणार नाही’ असं काउंटरवर ऐकून परत फिरू नये, नकार लेखी मागावा. पुनर्वसन केंद्रातला लांबचा मुक्काम मात्र साधारणपणे यात धरला जात नाही. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना सरकारी संस्थांत उपचार मोफत मिळण्याचा हक्क याच कायद्यात आहे.

खाट मिळवताना जेवढी धावपळ होते, तेवढी खाट सोडण्याच्या विचाराला होत नाही. २०१९ च्या एका राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांतले सुमारे ३६ टक्के रुग्ण एक वर्षाहून जास्त काळ तिथेच राहत असल्याचं आढळलं. त्यांतल्या अनेकांना वैद्यकीय दृष्टीने राहण्याची गरज नव्हती. घर न्यायला येत नव्हतं, पत्ता खोटा दिलेला होता, वाटण्या झालेल्या होत्या. बायकांच्या बाबतीत हे फार दिसतं: नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं, भावाच्या घरात जागा नाही. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी हाच प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात नेला. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘तराशा’ हा प्रकल्प मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना राहायला जागा, कामाचं शिक्षण आणि नोकरी मिळेपर्यंत साथ देतो. चेन्नईच्या ‘द बनियन’ने वेगळी वाट काढली. वर्षानुवर्षं वॉर्डात राहिलेल्या चार-पाच जणांनी मिळून साध्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं, मदतीला एक कार्यकर्ती, बाकी बाजारहाट आणि चूल त्यांची त्यांनी सांभाळायची.

यासाठी दाखल करतानाच काही गोष्टी ठरवून घेता येतात. डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांनी रुग्ण, नातेवाईक आणि पुढे उपचार करणारा डॉक्टर यांच्याशी बोलून पुढची योजना आखावी, असं कायदाच सांगतो. तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारावं: साधारण किती दिवस, घरी गेल्यावर कुठली औषधं, ती आमच्या जिल्ह्यात मिळतात का, रोजची गोळी घेणार नसेल तर महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन चालेल का. रुग्ण सावरल्यावर, पुढच्या वेळी आपल्याला कुठे न्यावं, काय देऊ नये आणि आपल्या वतीने कुणी बोलावं, हे त्याच्याकडूनच लिहून घेता येतं. कायद्याने अशा लेखी सूचनेला मान दिला आहे.

औषधांसाठी मात्र दर महिन्याला गडचिरोलीहून नागपूरला किंवा नंदुरबारहून पुण्याला जाण्याची गरज नसते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी चालते. डिस्चार्ज कार्ड दाखवून पुढचे उपचार तिथे सुरू ठेवता येतात. जवळचं ठिकाण कोणतं हे कळत नसेल, किंवा रात्री-अपरात्री काय करावं सुचत नसेल, तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं.